काय म्हणतीया?

वाठार किरोलीच्या शिवारात पहाटे साडेचारला
दस्तगीरमामानं चावी फिरवली
आणि माझ्याकडं बघितलं.

उजवा कान त्याचा लहानपणीच गेलेला,
डावा इंजिनानं खाल्ला, पंचवीस वर्षं, हळूहळू.
म्हणून गाडी काय बोलते ते
मी सांगायचं.
कागदावर मी क्लीनर.

"काय म्हणतीया?"
"टक्."
"नुस्तं टक्?"
"नुस्तं. जीभ टाळ्याला लावून सोडल्यागत."

मागं दहा टन आलं,
विहिरीवर धुतलेलं, पोत्यांत अजून ओलं.
एवढं आलं पाठीवर घेऊन हिलाच पडसं व्हावं,
असं म्हणून मी हसलो.
त्याला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

काचेवर दव नव्हतं, दवाची साय होती.
मामानं बॅटरीचं झाकण काढलं :
टर्मिनलवर पांढरंहिरवं पीठ फुललेलं.
चहासाठी स्टोव्हवर ठेवलेलं आधण
त्यानं सगळंच्या सगळं त्यावर ओतलं.
मी स्टोव्हकडं बघत राहिलो. मग पत्र्यानं खरवडलं,
बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"आता?"
"कुर्र... कुर्र... म्हातारं माणूस जिना चढतंय."
"पायऱ्या मोज."
सात झाल्या. आठवीवर ते बसलं.

मामा गाडीखाली सरपटत गेला,
चेसीला आवळलेली अर्थिंगची वायर
दोन बोटांत धरून हलवली,
आणि ती हलली.
"हिच्या मायला," तो जमिनीला म्हणाला,
"वीज जायला वाट हाय, यायला नाही."

(हल्ली मी साताऱ्यात, एमआयडीसीत, शोरूमला असतो.
गाडीच्या पोटात केबल खुपसली की
पडद्यावर एक अक्षर येतं आणि चार आकडे.
गिऱ्हाईक म्हणतं, कसंतरीच करतीया.
मी विचारतो, कसं?
ते साहेबाकडं बघतात,
पोरगं नवीन दिसतंय.)

वायर आवळली. चावी.
"बोल."
"जोरात फिरतंय मामा, पण...
रिकाम्या डेऱ्यात रवी फिरवल्यागत."

त्यावर तो बघतच राहिला माझ्याकडं.
मग फिल्टरचा स्क्रू अर्धा आटा सैल केला
आणि मला हातपंपावर बसवलं.
फेस आला. परत फेस.
नुसता ताकाचा फेस, त्यात कुठं डिझेल नाही.
खांदा भरून आला तेव्हा
एक बुडबुडा, मोठा, आळशी,
आणि त्याच्यामागं निवळ धार
माझ्या मनगटावरून थेट बाहीत.
एवढी गार, की भाजल्यासारखी वाटली.

शेवटी फडक्याचा बोळा पेटवून
हवेच्या नळीपाशी मी धरला.
नळीनं ज्योत आत ओढली,
एकदा खोकली,
पांढरा धूर उसातून रस्त्यापर्यंत गेला,
परत खोकली,
आणि मग

त्याला मला शब्द सापडला नाही.
धडधड म्हणावं तर ती नंतरची.
त्याआधी एक काहीतरी होतं,
पत्र्यातून, पोत्यांतून, माझ्या दातांतून गेलेलं.
मी तोंड उघडून उभा, हातात जळका बोळा.
मामाचा पंजा बॉनेटवर सपाट होता.
"राहू दे," तो म्हणाला, "कळलं."

पाच मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली.
रहिमतपूरच्या अंगाला तांबडं फुटत होतं,
भोईट्यांच्या वस्तीवर कुणीतरी गोठ्यात बादली आपटली.
चहाला पाणी उरलं नव्हतं.

मामानं एका पोत्याच्या शिवणीत बोट घालून
आल्याचं एक बेणं बाहेर ओढलं,
पँटला पुसलं, मोडलं,
अर्धं मला दिलं.
आम्ही ते कच्चंच चावत वाशीच्या रस्त्याला लागलो.
डोळ्यांत पाणी येईपर्यंत झोंबलं.

कसं झोंबलं
ते त्यानं विचारलं नाही.