पिना

चिलवेरी बाईंचं ऑफिस म्हणजे मोरीशेजारची खोली,
साखर पेठेतली.
सनद मिळाल्यावर पहिल्या दिवशी गेले
तर बाई उकिडव्या बसून बंब पेटवत होत्या.
म्हणाल्या, कोट काढ आधी. ठिणगी उडते.

तांब्याचा बंब, पोटाला दोनदा डाग दिलेला.
मधोमध उभी नळी, नळीत निखारे,
भोवती पाणी.
आग आणि पाणी जन्मभर अंगाला अंग लावून,
आणि एकदाही भेट नाही.
मध्ये फक्त पत्रा.
वरच्या नरसाळ्यात गार ओतायचं,
ते मुकाट्याने तळाशी जातं,
वरचं कढत तोटीतून बाहेर येतं.
जेवढं ओताल तेवढंच, थेंब जास्त नाही.
झाकण घट्ट बसवू नकोस, बाई म्हणाल्या,
वाफेला वाट लागते. नाहीतर –
पुढचं बोलल्या नाहीत.
बाकावर अक्कलकोट रोडच्या डाइंगमधली तीन कुटुंबं बसली होती,
ज्यांच्या घरची माणसं बॉयलरपाशी रात्रपाळीला होती.

जळण म्हणून वखारीचं लाकूड,
मागाचे मोडके धोटे,
आणि निकाली निघालेल्या खटल्यांचे मसुदे.
कागद भसकन पेटतो, ऊब देत नाही.
धोटा सावकाश जळतो. त्याला तेल मुरलेलं असतं.

माझ्या वर्गातला इराबत्ती बँकेच्या पॅनेलवर गेला.
गाडी घेतली. एकदा सात रस्त्यावर थांबून
मला सोडतो म्हणाला.
त्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, यात मिळतं काय?
त्यांनी वही पुढे सरकवली.
वारस दाखले चार, नोटरी एकोणीस, त्यावर घर.
खाली, वेगळ्या शाईत, कोठडीतले मृत्यू:
शून्य, शून्य, टॉवेल दोन, शून्य,
शेंगाचटणी एक किलो (परत दिली, नेली नाही).

एक फाइल मात्र बंबाच्या वाटेला कधी गेली नाही.
नरसय्या गुंडेटी, मागवाला, वय सव्वीस.
ठाण्याची डायरी म्हणते, पाय घसरून पडला.
शवविच्छेदन म्हणतं, दोन्ही तळपायांवर अकरा वळ.
खटला उभा राहायलाच चौदा वर्षं गेली.

साक्षीच्या दिवशी त्याची आई राजव्वा
विडी घरकुलातून पहिल्या बसने आली.
डिसेंबर. पदर कानावरून घट्ट.
बोटांची टोकं तंबाखूने तपकिरी.
तयारी झाली का, असं मी विचारणार होते.
बाईंनी नरसाळ्यात बादली ओतली.
आधी अंघोळ कर, म्हणाल्या.

दाराआडून ती तेलुगूत काहीतरी बोलली.
बाई म्हणाल्या, पाणी चांगलं तापलंय म्हणते.
मग नुसता तांब्याचा आवाज, बराच वेळ.
मी कागद लावत होते, तारखेने, मग पानाने,
मग पुन्हा तारखेने.
आवाज थांबला. पुन्हा सुरू होईना.
बाई उठल्या, आत न बघता
आणखी एक बादली ओतली.

साडेअकराला पुकारा झाला.
समोरच्या वकिलांनी हसतच विचारलं,
बाई, इतक्या वर्षांनी वळ मोजून कसे सांगता?
राजव्वाचे केस अजून ओले होते.
ती म्हणाली, शेवटची अंघोळ मीच घातली.
पाय मीच धुतले. पाणी गरम होतं.
टंकलेखक थांबला.
न्यायाधीश म्हणाले, लिहा.

पुढची तारीख एकवीस.

संध्याकाळी मी नळीतली राख काढायला बसले.
मऊ, पांढरी, बोटाला लागतच नव्हती.
तळाशी पिना होत्या. स्टेपलरच्या, टाचणीच्या,
काळ्या पडलेल्या, कुठल्या कुठल्या अर्जांच्या,
मूठभर.
टाकू का, मी विचारलं.
बाई चष्मा पुसत होत्या.
असू दे म्हणाल्या, आणि उद्यासाठी
बंब भरून ठेव.