एक श्वास जादा

पारोळ्यात दुपारी दोनला
शटरची कडी हाताला चटका देते,
आणि नेरकर मेडिकलच्या काउंटरवर
नेरकर नसतात. मी असतो.

केवळबाई जिनिंगमधून सरळ आली,
भुवयांवर कापसाची लव,
गालावर पदराचा बोळा दाबलेला.
बारा वर्षांची असल्यापासून तव्यावर भाजलेली मिश्री
बोटाने हिरड्यांना चोळत आलेली बाई.
हिरड्यांनी इतकी वर्षं ऐकून घेतलं,
आता उलट बोलायला लागल्या होत्या.

"ती फेसवाली बाटली दे भाऊ."

तपकिरी बाटली. तीन टक्के.
गुडघा फुटल्यावर पोरांच्या जखमेवर ओततात, तीच.
मी म्हणालो, हे तसं पाणीच आहे,
फक्त एक श्वास जादा घेतलेलं.
तो त्याला फार वेळ धरवत नाही.
रक्त भेटलं की सोडून देतं,
म्हणून फेस.

एक झाकण हे, दोन झाकणं पाणी.
अर्धा मिनिट तोंडात खळखळवायचं,
थुंकायचं,
मग साध्या पाण्याची चूळ.
चार दिवस. पाचव्या दिवशीही ठणकलं
तर माझ्याकडे नाही, दाताच्या डॉक्टरकडे.
नातवंडांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव.
आणि गिळायचं नाही, एक घोटसुद्धा.

"औषध शे ना? मंग थुकानं का बरं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं,
पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

तिसऱ्या दिवशी ती परत. हिरडी पांढरीफटक,
उकडलेल्या अंड्याच्या सालीसारखी.
पाणी घातलंच नव्हतं तिने.
"पाणी टाकीसन दवाई कमी व्हई जास ना?"
मी काय रागावणार!
आमच्याकडे जे पोळत नाही
त्यावर कुणाचाच विश्वास नाही:
ठेचा, वैशाख,
खरं बोलणारी नणंद.

बाटली बंद करायला लावली.
अमळनेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मीच लिहून दिली,
एस.टी.चं तिकीट तिने काढलं.
दाढ निघाली, खरवडून साफसफाई झाली,
पुन्हा चार दिवस चूळ, या वेळी मापात.
डॉक्टर मिश्रीवर काय बोलले ते तिने सांगितलं नाही.
डबी मात्र तव्यासकट भंगारवाल्याला गेली, असं ऐकलं.

मग चैत्र सरला.
एका दुपारी तिने काउंटरवर
गुलाबपाण्याची रिकामी, लख्ख बाटली ठेवली,
आत तळाशी बोटभर पारदर्शक काहीतरी.
तपकिरी बाटलीत दिसत नाही म्हणून
तिने यात ओतून घेतलं होतं,
उन्हाच्या खिडकीत, देवाच्या फोटोशेजारी.
रविवारच्या रविवारी एक चूळ, सवय म्हणून.
"आते फेस येत नई. नवी दे."

पुठ्ठ्याने माझं बोट सकाळीच कापलं होतं.
पट्टी सोडली, एक थेंब टाकला.
काही नाही.
ना सळसळ, ना पांढरा ठिपका.
जादाचा श्वास कधीच
त्या खिडकीतून निघून गेला होता.

"केवळ पाणी," मी म्हणालो.
"काय?" तिला वाटलं, हाक मारली.

समजावलं तेव्हा ती बाटलीकडे बघत राहिली.
"मंग इतला दिन माले कसाघाई गुण उना?"

प्रत्येक गोळीची वेळ मला पाठ आहे,
उपाशीपोटी कोणती, दुधाबरोबर कोणती नाही.
मी फडताळाकडे वळलो,
नसलेलं काहीतरी शोधत.

नवी बाटली मी दिली नाही.
तिनेही पुन्हा मागितली नाही.
दुकानाबाहेरच्या माठातून तांब्याभर पाणी घेतलं,
गटाराशी वाकून जोरात चूळ भरली,
आणि समोरच्या चहावाल्याच्या कुठल्याशा बोलण्यावर
हसली,
पदर खांद्यावरच राहू देऊन.