भांड्याचा वास

रिपोर्टवर आडनाव आधी होतं:
येरणे सुधाकर, पुरुष, वय एक्कावन्न.
खाली आकडा, दोनशे अठ्ठेचाळीस,
आणि त्याच्याभोवती लॅबवाल्या पोरानं
लाल पेनानं केलेला गोल.

बावीस वर्षं स्टँडसमोर आलूबोंडे तळतो मी.
पोह्यावर तर्री, मागेल त्याला वरून अजून.
गावात कोणाच्या पोटात काय आहे ते मला माहीत;
माझ्या रक्तात काय आहे
ते वर्ध्याहून कागदावर यावं लागलं.

प्रणोती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
सुटीत आली ती पिशवीभर फळं घेऊन,
सफरचंदांना स्टिकर, किवीला उंदराची लव.
"बाबा, उद्यापासून स्मूदी."
"सु... काय?"
साहिल लोळून लोळून हसला.
त्याची माय म्हणाली, "नाव काई असो, गोड हाय का ते सांग."

गोड नव्हतं.
पालक, सफरचंद, आल्याचा तुकडा, भाजलेला जवस.
मिक्सरचं मोठं भांडं आमच्याकडे एकच,
त्यात रोज पहाटे तर्रीचा मसाला निघतो:
सुकं खोबरं, लसूण, दगडफूल, मिरच्या.
चार ग्लास भरले. तळ्याच्या काठाला असतो तसा रंग.
पहिला घोट घेतला आणि चौघंही थांबलो.
पालकाची तर्री झाली होती.

मग भांड्यात रात्रभर ताक ठेवलं,
लिंबाची सालं घासली, राखेनं घासलं,
तीन दिवस कौलांवर उन्हात पालथं.
वास तिथंच.

किवी संपल्या. साहिलच्या मायनं हिंगणघाटच्या बाजारात
भाव विचारला, एका नगाचा,
आणि पिशवीची घडी करून परत आली.
दुसऱ्या दिवसापासून न्हाणीच्या पाण्यावरच्या वाफ्यात
जे होतं ते भांड्यात जायला लागलं:
पालक, सांबार, शेवग्याचा कोवळा पाला,
दसोड्यांच्या कुंपणावरून आमच्याकडे वाकलेली जांबं.
एकदा कवठ. कवठाचं काय झालं ते विचारू नका.
अंबाडीला मात्र ती नाहीच म्हणाली:
"अंबाडी वाटून प्याची चीज नोहे. तिले कण्या लागते."

दुकानावर मी फुटके बोंडे खात होतो.
फुटका गिऱ्हाइकाला देता येत नाही,
टाकायला हात होत नाही.
एका रात्री तिनं माझी बोटं नाकाशी नेली,
बोलली काहीच नाही.
सकाळी शाळेआधी साहिल दुकानावर येऊन बसला,
झाऱ्याकडे डोळे लावून, फुटके मोजत.
त्याला कोणी पाठवलं ते मीही विचारलं नाही.
त्या आठवड्यात बोंडे फारसे फुटलेच नाहीत.

आणि मग ती सकाळ, अर्ध्यातच लाइन गेली.
पातं थांबलं. जांबाच्या फोडी अख्ख्या,
पानं अर्धीमुर्धी कापलेली, तळाशी थोडं पाणी.
सहाचे सात झाले.
तिनं भांडं ताटात पालथं केलं,
वरून मीठ, लिंबू, जवसाची चटणी,
आणि आम्ही हातानं खाल्लं, चावून, बिया थुंकत.
साहिल म्हणाला, "हे तर आपण आधीबी खाऊ शकत होतो."
सगळ्यांच्या तोंडात घास होता,
उत्तर कोण देणार.

दिवाळीआधीचा आकडा दोनशे दोन.
लॅबवाल्यानं गोल केलाच,
पण या वेळी निळ्या पेनानं.
प्रणोती फोनवर म्हणते, वेगळं भांडं घ्या ना,
साडेचारशेला मिळतं.
पाहू, म्हणतो मी. महिन्याभरापासून पाहूच म्हणतो.
तिला सांगत नाही,
की सकाळी त्या हिरव्या ग्लासातून
लसणाचा, जळक्या खोबऱ्याचा पुसटसा वास वर येतो,
मी डोळे मिटतो
आणि तेवढ्या भरवशावर
ग्लास खाली ठेवतो, रिकामा.