सारखा

सातवी ‘ब’ला ‘लाईक’ शिकवत होते,
वर्ग अर्धा झोपेत,
तेव्हा रबाळे ठाण्यातून फोन:
“खाडीत बॉडी मिळालीय, मॅडम.
तुमच्या हरेश्वरसारखी.”

शब्दकोशात मी कधीच खूण करून ठेवलेली.
लाईक म्हणजे मुळात देह.
जुन्या इंग्रजीत ‘लिक’: अंग, कलेवर.
देह तोच, म्हणून सारखा.
तेव्हा गंमत वाटली होती.

वाशीच्या शवागारात चादर
पायाकडून उघडली.
चेहऱ्याचं काही राहिलं नाही, म्हणाले, टाचा बघा.
टाच तशीच. अंगठा तसाच, रुंद.
डाव्या पोटरीवर मात्र
होडीचा खिळा लागल्याचा व्रण नव्हता.
“नाही,” म्हटलं,
आणि त्या सुटकेची लाज वाटली.
कुणाचा तरी असणारच ना तो.

आपला शब्द देहातून येत नाही.
सदृश, सदृक्ष, सारखा:
डोळ्यातून निघतो.
म्हणून तर घणसोली नाक्यावर,
पामबीचच्या सिग्नलला
पाठमोरे इतके जण.

आई विचारते, इंग्रजीत काय म्हणतात गं,
सारखा डोळ्यांपुढे येतो, याला?

तो सारखा वेगळा, आई.
तिथे लाईक चालत नाही.