आदला वार

किती लांब, सगळेच विचारतात,
आणि मी फळ्याकडे न बघता सांगतो:
सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं.
वारा समोरून असेल तर चाळीस.
घड्याळाला हात लावू नका,
काटे तिकडेही इथल्यासारखेच.
फक्त वार बदलतो.
इथून गुरुवारी उडालेलं माणूस
पागो पागोला बुधवारी उतरतं.

हसतात. एखादा म्हणतो,
मग कालचं भांडण मिटवून येतो.
परवा भेटू, म्हणतात एकमेकांना.
मागचा परवा की पुढचा, मी विचारत नाही.

फागालीईची धावपट्टी आखूड.
एका टोकाला समुद्र, कडेनं नीरफणसाची झाडं.
विमान लहान, म्हणून मी माणसं
सामानासकट काट्यावर उभी करतो.
थोराड बायका चपला काढून ठेवतात,
जसं काही सगळं वजन चपलांचंच.

तौलागा चपलांसकट चढली.
पोटाशी चटई, केवड्याच्या जातीच्या पातींची,
इतकी बारीक विणलेली की कापडासारखी ओघळत होती.
काटा ब्याण्णववर थांबला.
"चटई वेगळी लिही," ती म्हणाली,
"ती पेनियामिनाची."
पेनियामिना, तिचा धाकटा भाऊ. माझ्याबरोबर रग्बी खेळलेला.
त्याच पहाटे चार वाजता, इस्पितळात.
मी पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं.
आई पलीकडच्या बेटावर, लेओने गावात.
तिला फोनवर सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

पुढचं मला नंतर कळलं.

आई पायरीवर बसली होती, उपाशी.
बुधवारी ऑपरेशन आहे म्हणाला होता ना,
म्हणून बुधवारचा उपास.
तिच्या भिंतीवरचा बुधवार.
ऑपरेशन कधीच झालं होतं,
त्यातून तो उठलाही नव्हता,
आणि ती अजून देवाला अटी घालत होती.

तौलागानं सांगितलं.
आईनं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं,
"कितव्या वारी म्हणालीस?"
"गुरुवारी. पहाटे चारला."
"आज बुधवार आहे," आई म्हणाली.

एवढंच.
उपास सोडला नाही. रडली नाही.
शेजारणी आल्या, त्यांना पाणी दिलं.
एकीनं गळा काढला तर तिला गप्प केलं,
अजून वेळ आहे म्हणाली.
रात्रभर दिव्याखाली बसून
चटईच्या काठावरची सुटलेली पात
आत खोचत राहिली.
कुणी समजावायला गेलं नाही.
कोण समजावणार,
कॅलेंडर तर तिच्याच बाजूचं.

चार वाजले. कोंबडा उगाच ओरडून गेला.
साडेचारला उठून तिनं चूल पेटवली,
कोकोचं भांडं ठेवलं,
आणि पळी हातात असतानाच
खाली बसली.

त्याच दिवशी दोघी इकडे आल्या.
दारात आईनं मला विचारलं, आज कोण वार?
शुक्रवार, मी म्हणालो.
अर्धा गुरुवार तिकडेच राहिला, ती म्हणाली,
तक्रार नव्हती, हिशोब होता.

आठवड्यानं ती परत निघाली.
काट्यावर चढली, हात मोकळे.
बावन्न. मी लिहून घेतलं.
आणि सवयीनं, जीभ चावायच्या आत,
विचारून बसलो:
आणखी काही सामान?