ड्राय सोल्डर

इग्नेशियसने अ‍ॅम्प रिक्षातून आणला,
मांडीवर घेऊन, तापाने फणफणलेलं पोर आणावं तसा.
म्हणाला, मावशी, हा मधूनच काहीतरी बोलतो.
म्हटलं, काय बोलतो ते नीट सांग.
घूं? खर्र? की किणकिण?
माणसाला वेळ लागतो आवाजाचं नाव सापडायला.
तो म्हणाला, तिन्ही. शिवाय एक चौथा,
तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखा.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
माझ्या डोक्यावर झिप शिवतात, शेजारी खिळ्यांचं पॅकिंग.
त्यांची जेवणाची सुट्टी झाल्याशिवाय
मी कुणाचं ऐकत नाही, ऐकूच येत नाही.
म्हणून एका पेटीला दोन दुपारी लागल्या.

आधी शंभराचा बल्ब सिरीजमध्ये.
भपकन पेटला, मग मंदावला. बरं, जीव आहे.
व्हॉल्व्ह तांबूस होत गेले.
गिटारची वायर उपटली, घूं तशीच.
व्हॉल्यूम शून्यावर, तरी घूं तेवढीच.
इग्नेशियस हिरमुसला, त्याला वाटलं होतं
वायर बदलून स्वस्तात सुटेल.
घूंसुद्धा पन्नासची नव्हे, शंभरची;
रेडिओच्या कंपनीत बत्तीस वर्षं
माझा कान त्यावरच पोसलाय.
पाठ उघडली. दोन कपॅसिटर, डोक्यावर टेंगूळ आल्यासारखे.

आत हात घालताना दुसरा हात कमरेवर,
नळावर भांडायला उभं राहिल्यासारखा.
हे लाईनवरच्या तांडेलबाईंनी शिकवलं:
स्विच बंद केला तरी चारशे व्होल्ट
आत दबा धरून असतात, त्यांना आधी वाट करून द्यायची.

दुसऱ्या दुपारी पेन्सिल.
उलट्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला टकटक.
पहिला मुका. दुसरा मुका.
तिसरा टण्णकन ओरडला.
काढला, ठेवला बाजूला. किणकिण गेली.
नॉबांमध्ये फवारा मारला, खर्र गेली.
उरलं ते तेलातलं पाणी.

तेव्हा स्टुलावर बसून इग्नेशियस सांगत होता,
पप्पा पूर्वीपासून म्हणायचे, आत काहीतरी तडतडतं.
आम्हाला कधीच ऐकू आलं नाही.
शेवटी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, नौपाड्यात.
मशीन घेतलं. त्यानंतर त्यांनी
वाजवणंच सोडलं.

पेन्सिल बोर्डावर सरकवत होते.
डावीकडून चौथ्या सांध्याला टोक लागलं,
आणि तडतडलं.

भिंग लावलं.
कथिल राखाडी, चमक नाही,
पायाभोवती केसाएवढं कडं.
आणि वायरला दीड वेढा.

दीड वेढा आमच्या लाईनवर एकटी मी घालायचे.
सुपरवायझर विचारायचा, अर्धा कुणाच्या बापाचा?

मग आठवलं. नाताळाच्या आधीचा आठवडा,
बाहेर स्कूटर चालूच ठेवून याचे पप्पा उभे,
कोपरीला साखरपुडा वाजवायचा होता सातला.
मीही घाईत. लोखंड पुरतं तापलं नव्हतं.
अकरा वर्षं तो सांधा धरून राहिला,
निव्वळ भिडेखातर.

या वेळी वाट बघितली.
टोकाला राळेचा धूर सुटला, तरी अजून थोडी.
कथिल स्वतःहून पसरलं, पाण्यासारखं,
मग फुंकर न घालता गार होऊ दिलं.
इग्नेशियसने एक तार छेडली, जाडी.
नाद संपला. त्याच्यामागे काही आलं नाही,
नुसती बारीक फुसफुस, ती असतेच,
पेटलेल्या वातीला असते तशी.

बिल लिहिलं. व्हॉल्व्ह एक. कपॅसिटर दोन.
फवाऱ्याचे वीस.
पेन जरा वेळ तिथेच अडलं.
मग खाली: सांधा एक, शून्य रुपये.

मावशी, हे शून्य कशाचं?

तेवढ्यात वरची यंत्रं सुरू झाली,
मागोमाग खिळ्यांची.
तो कानामागे हात धरून वाकला.
मग ओरडूनच सांगावं लागलं,
अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं:
पप्पांना म्हणावं, तडतडत होतं!