तगर दाबली की तपकिरी होते

पहिल्या खेपेला हे माहीत नव्हतं.
वर्तकनगरच्या खोलीच्या किल्ल्या परत द्यायच्या आदल्या दिवशी
आईच्या कुंडीतली सगळी तगर खुडली,
जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत पसरली,
कदम, करंदीकर, कर्णिक, काळे,
आणि वर तिचाच पाटा ठेवला.
पंधरा दिवसांनी उघडलं तर
चहा सांडून वाळावा तसे डाग.
एका पाकळीतून कुणा करंदीकरांचा नंबर
अजून वाचता येत होता.

गोकर्ण मात्र निळीच राहते.
जास्वंद जांभळी, जवळजवळ काळी.
सदाफुली इतकी पातळ होते
की तिच्याखालची पेन्सिलची रेघ दिसते.
हे आता पाठ आहे, रक्तगटांसारखं.
दिवसा मी पाचपाखाडीच्या लॅबमध्ये
काचपट्टीवर थेंब पसरते,
रात्री त्याच हातानं, तसल्याच चिमट्यानं
पाकळी उचलून कागदावर ठेवते.
पंखा बंद. श्वासही.
आई असती तर म्हणाली असती,
मुडद्याला पावडर लावत बसलीयेस होय गं?

ती फूल खुडायची नाही.
गॅलरीत चाळीसेक डबे: रंगाची बादली,
कान तुटलेला कुकर, माझी शाळेची वॉटरबॅग कापून
त्यात ओवा.
तरी देवापुढे खाली पडलेलीच फुलं, धुऊन.
प्राजक्त सोडला तर पडलेलं चालत नाही हो शालनताई,
असं कुणी म्हटलंच, तर
'माझ्या देवाला चालतं. त्याला ठाऊक आहे
पाणी कोण घालतं.'

येऊरहून माती आणायची, बसनं,
शेवटच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन,
एक हात तिच्या पाठीवर
पोर झोपल्यासारखा.
मी दोन सीट पुढे.
कंडक्टरनं विचारलं, बरोबर आहात का?
मी खिडकीबाहेर बघितलं.
तिनं दोन तिकिटं काढली.

खालच्या मजल्यावर खोपकरकाकू.
आईचं पाणी त्यांच्या पापडांवर ठिबकायचं.
सोसायटीत तीन अर्ज,
'कुंड्यांचे पाणी व पालापाचोळा याबाबत'.
आईनं प्रत्येक डब्याखाली एकेक ताटली ठेवली,
जेवायला दोनच उरल्या,
तरी पालापाचोळा जायचा तिथं जातच राहिला.

यंदा, आई जाऊन चौथं वर्ष,
त्याच काकू लॅबमध्ये आल्या, उपाशीपोटी, साखर तपासायला.
मी सुई काढली, कापूस दाबून धरा म्हटलं,
तर दुसऱ्या हातानं पिशवीतून
श्रीखंडाचा डबा काढून टेबलावर ठेवला.
'तुझ्या आईचा कचरा.
आमच्या ग्रिलमध्ये साठलेला. झाडून टाकायचा होता,
राहून गेला.'

घरी येऊन उघडला.
तगर, कुंद, दोन-तीन अनंत,
सगळी तपकिरी.
पण चपटं एकही नाही.
वाऱ्यावर आपली आपण वाळलेली,
वळलेली, कडा आत घेतलेली,
थंडीत कुशीवर निजल्यासारखी.
आणि मध्येच एक पापडाचा तुकडा,
उडदाचा.

रात्री एक वाजेपर्यंत मांडत होते.
रेघ आखली नव्हती. गुलदस्ता वगैरे काही नाही,
वरून खाली नुसती पडत गेलेली फुलं,
कागदाच्या वरच्या कडेपासून
खालच्या ग्रिलपर्यंत.
ग्रिल काळ्या जास्वंदीचं केलं.
पापड काढला नाही.

जांभळी नाक्याजवळच्या फ्रेमवाल्यानं
काच वर धरून बघितली, बाजूनं बघितली.
'बसणार नाही ताई, फुगवटा आहे.
थोडं दाबून देऊ का?'

नको म्हटलं.
बिनकाचेचीच घेऊन आले,
रिक्षात,
मांडीवर.